एका मेंदूचे अनेक एमआरआय: फ्रीसर्फरच्या लाँगिट्युडिनल प्रक्रियेत हाताने दुरुस्त्या कुठे आणि कशा कराव्यात

निरोगी वृद्धांच्या मेंदूचं कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्याने पातळ होतं. कॉर्टेक्सची सरासरी जाडी अडीच मिलिमीटर धरली, तर वर्षभराचा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो. आपल्या टी१ स्कॅनमधला (रचना दाखवणाऱ्या नेहमीच्या एमआरआयमधला) एक व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्रातला सर्वांत छोटा ठोकळा, मात्र बहुधा एक मिलिमीटरचा असतो. म्हणजे माउस हातात घेऊन एखाद्या भागात व्हॉक्सेलचा एक थर जरी खोडला, तरी कित्येक वर्षांच्या म्हातारपणाएवढा बदल आपण दोन मिनिटांत घडवून आणू शकतो.

एकाच वेळच्या स्कॅनचा अभ्यास असेल तर अशा चुका माणसामाणसांत विखुरतात आणि थोड्याफार झाकल्या जातात. लाँगिट्युडिनल, म्हणजे त्याच माणसांचे काळाच्या अंतराने पुन्हा स्कॅन घेणाऱ्या, अभ्यासात तशी सोय नाही. तिथे आपण त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना करत असतो. पहिल्या स्कॅनला हात लावला आणि दुसऱ्याला लावला नाही, तर तो हातच ‘मेंदूतला बदल’ म्हणून तक्त्यात उमटतो. म्हणून दुरुस्ती कशी करायची याच्याही आधी ती कोणत्या टप्प्यावर करायची हे ठरवावं लागतं. एमआरआयमधून कॉर्टेक्सची जाडी आणि मेंदूच्या भागांची आकारमानं मोजणारं फ्रीसर्फर वापरणारे बहुतेक जण अडतात ते तिथेच.

खाली फाइलींची नावं आणि आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

तीन टप्पे, आणि कोण कोणाकडून काय घेतं

फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर मुख्यतः बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस सेंटरमध्ये घडलं. त्यातली लाँगिट्युडिनल पद्धत मार्टिन रॉयटर, ब्रूस फिशल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली न्यूरोइमेज या नियतकालिकात सविस्तर मांडली. तिचे तीन टप्पे आहेत आणि बोलताना सगळे त्यांना क्रॉस, बेस आणि लाँग असंच म्हणतात.

क्रॉसमध्ये प्रत्येक स्कॅन स्वतंत्रपणे, जणू दुसरा स्कॅन अस्तित्वातच नाही अशा रीतीने चालवला जातो:

रिकॉन-ऑल -एस टीपी१ -आय स्कॅनचीफाइल -ऑल

बेसमध्ये त्या माणसाच्या सगळ्या स्कॅनमधून एक मधला, कुठल्याच वेळेकडे न झुकलेला साचा तयार होतो आणि त्या साच्यावर सरफेस (ऊतींमधल्या सीमांचे पृष्ठभाग) काढले जातात:

रिकॉन-ऑल -बेस साचा -टीपी टीपी१ -टीपी टीपी२ -टीपी टीपी३ -ऑल

लाँगमध्ये प्रत्येक टाइम पॉइंट (एका वेळचा स्कॅन, आज्ञेतला टीपी) त्या साच्याच्या आधाराने पुन्हा चालतो:

रिकॉन-ऑल -लाँग टीपी१ साचा -ऑल

विश्लेषणासाठी वापरायचे आकडे फक्त या शेवटच्या टप्प्यातले.

या तीन टप्प्यांत कोण कोणाचा वारस आहे हे कळलं की निम्मं काम होतं, म्हणून इथे जरा थांबू. लाँगच्या सुरुवातीचे व्हाइट (व्हाइट मॅटर आणि कॉर्टेक्समधली सीमा) आणि पायल (कॉर्टेक्सची बाहेरची सीमा) सरफेस बेसमधून येतात. लाँगमध्ये टेसेलेशन (सरफेसची जाळी विणणं) आणि टोपोलॉजीची (जाळीतल्या भोकं-पुलांची) दुरुस्ती नव्याने होत नाही, बेसमधले सरफेस घेऊन ते त्या-त्या स्कॅनच्या कडांवर बसवले जातात, इतकंच. ब्रेनमास्क, म्हणजे कवटी काढून उरलेलं मेंदूचं चित्र, बेसमधून येतो आणि त्यात तुम्ही खोडलेले व्हॉक्सेल लाँगमध्येही खोडलेलेच राहतात. टॅलिरॅक ट्रान्सफॉर्मही (मेंदू प्रमाणित नकाशावर बसवणारी जुळणी) बेसमधूनच येतो, त्यामुळे एका माणसाच्या सगळ्या लाँगमध्ये कवटीतल्या एकूण आकारमानाचा अंदाज एकच निघतो.

कंट्रोल पॉइंट, म्हणजे ‘हे नक्की व्हाइट मॅटर’ अशा हाताने दिलेल्या खुणा, मात्र क्रॉसमधून येतात. ते तिथून लाँगच्या जागेत आपोआप नेऊन बसवले जातात. डब्ल्यूएम.एमजीझेड (व्हाइट मॅटरची फाइल) मधल्या खुणाही, वेगळं काही सांगितलं नाही तर, क्रॉसमधूनच येतात. त्या बेसमधून घ्यायच्या असतील तर -यूजलाँगबेसडब्ल्यूएमएडिट्स हा फ्लॅग द्यावा लागतो. असेगची (मेंदूच्या आतल्या भागांच्या लेबलांची) सुरुवात सगळ्या क्रॉसची लेबलं एकत्र करून होते.

बेसलाही स्वतःचा वारसा आहे. तो क्रॉसच्या नॉर्म.एमजीझेड (तीव्रता एकसारखी केलेली चित्रं) एकमेकांवर जुळवून तयार होतो आणि त्याचा ब्रेनमास्क म्हणजे सगळ्या क्रॉसच्या मास्कचा मिळून झालेला संयोग. कुठल्याही एका टाइम पॉइंटमध्ये जो व्हॉक्सेल मेंदू ठरला, तो बेसमध्ये मेंदू ठरतो. म्हणून एकाच क्रॉसमध्ये डोळ्यामागचा भाग किंवा मानेचा तुकडा मास्कमध्ये राहून गेला, तर तो बेसमध्ये आणि बेसमार्गे सगळ्या लाँगमध्ये शिरतो.

तपासणीची सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून

सवयीने माणूस क्रॉस उघडतो आणि दिसेल ते दुरुस्त करत सुटतो. त्यात प्रचंड वेळ वाया जातो, कारण क्रॉसमधल्या सरफेसच्या पुष्कळ चुका लाँगमध्ये पोहोचतच नाहीत. साचा अनेक स्कॅनच्या सरासरीतून बनतो, त्याचा गोंगाट कमी असतो आणि त्यावर सरफेस बहुधा चांगले बसतात.

म्हणून तिन्ही टप्पे काहीही एडिट न करता आधी पूर्ण चालवून घ्या आणि मग लाँग तपासा. सगळे लाँग एकाच जागेत, म्हणजे साच्याच्या जागेत असतात. त्यामुळे फ्रीव्ह्यू या फ्रीसर्फरच्या चित्रदर्शकात टीपी१, टीपी२, टीपी३ यांच्या नॉर्म.एमजीझेड एकत्र उघडून, प्रत्येकाचे व्हाइट आणि पायल सरफेस वेगळ्या रंगात चढवून, एकामागून एक लेयर पालटत पाहता येतं. मेंदू जागच्या जागी राहून फक्त व्हेंट्रिकल (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) किंचित फुगताना दिसले तर सगळं ठीक आहे. एखाद्या ठिकाणी फक्त एकाच टाइम पॉइंटची रेषा उडी मारत असेल तर तिथे थांबा.

लाँगमध्ये चूक सापडली की बेस उघडा. तीच चूक बेसमध्येही असेल तर दुरुस्ती बहुधा बेसमध्येच करायची. मात्र मूळ कारण मास्कमधली घाण, कंट्रोल पॉइंटची गरज किंवा जुळणीतला गोंधळ असेल, तर क्रॉसपर्यंत मागे जावं लागतं. बेस स्वच्छ आहे आणि चूक एकाच लाँगमध्ये आहे, असंही होतं. तेव्हा आधी त्या टाइम पॉइंटचा क्रॉस पाहा आणि मूळ स्कॅन नीट न्याहाळा. रुग्ण हलल्यामुळे आलेल्या लाटा तिथे दिसल्या, तर ती दुरुस्तीने सुटणारी गोष्ट नाही. डोकं हलल्याने ग्रे मॅटर खरोखर पातळ नसतानाही पातळ मोजलं जातं. सरफेसची रेषा हाताने ‘शहाणी’ करून तो परिणाम जात नाही, फक्त तो स्कॅन चांगला असल्याचा भास तयार होतो.

काय दुरुस्त करायचं नाही, याचीही यादी मनात हवी. हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डालाच्या आसपास, तसंच मेडियल वॉलवर (अर्धगोलाच्या आतल्या बाजूवर) सरफेसच्या रेषा विचित्र दिसतात. त्या भागात सरफेसला अर्थच नसतो, तिथे हात घालू नका. एक-दोन स्लाइसपुरती अर्ध्या व्हॉक्सेलची इकडेतिकडे झालेली रेषा सोडून द्या. चूक सलग काही स्लाइसवर टिकत असेल आणि तिन्ही दिशांनी पाहिल्यावरही दिसत असेल, तरच ती चूक. आणि तुमचा प्रश्न फक्त हिप्पोकॅम्पसच्या आकारमानाबद्दल असेल, तर कॉर्टेक्सच्या सरफेसवर आठवडे घालवण्यात काय अर्थ आहे? अल्झायमरच्या रुग्णांत हिप्पोकॅम्पस वर्षाला सुमारे ४.७ टक्के आणि निरोगी वृद्धांत सुमारे १.४ टक्के आकसतो. ही दरी एवढी मोठी आहे की तिथे बारीक एडिटपेक्षा स्कॅनचा दर्जा आणि असेगमधल्या ढोबळ चुका यांकडे लक्ष देणं जास्त फायद्याचं.

फ्रीव्ह्यूमध्ये हात बसवणं

व्हॉक्सेल एडिटचं साधन उघडलं की त्यात ‘रिकॉन एडिटिंग’ असा पर्याय आहे. तो चालू केला की ब्रशची किंमत २५५ आणि खोडरबराची किंमत १ होते. या दोन आकड्यांनाच सगळं महत्त्व आहे. २५५ म्हणजे ‘हे मी जाणूनबुजून भरलं’, १ म्हणजे ‘हे मी जाणूनबुजून काढलं’. प्रक्रिया पुन्हा चालवली तरी सॉफ्टवेअर या खुणा ओळखून जपतं. खोडताना किंमत ० झाली, तर ती जागा मुळातच रिकामी होती असा अर्थ लागतो आणि पुढच्या वेळी तुमचं काम नाहीसं होऊ शकतं. काम सुरू करण्यापूर्वी एक व्हॉक्सेल खोडून त्यावर कर्सर नेऊन किंमत वाचा. १ दिसायला हवा.

एडिट मुख्यतः कोरोनल (समोरून दिसणाऱ्या) स्लाइसवर करा, पण दर चार-पाच स्लाइसनंतर सॅजिटल (बाजूने) आणि ॲक्सियल (आडव्या) स्लाइस डोळ्यांखालून घाला. एका दिशेने नीटस वाटणारं काम दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं निघतं, हे नवशिक्यांना फार उशिरा कळतं.

आणि मूळ फाइलची प्रत ठेवाच. ब्रेनमास्क, डब्ल्यूएम, असेग.प्रीसर्फ, जी फाइल उघडाल तिची तारीख घातलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये हवी. -क्लीन-बीएम, -क्लीन-डब्ल्यूएम, -क्लीन-सीपी, -क्लीन-असेग हे फ्लॅग त्या-त्या प्रकारचे एडिट पुसून टाकतात. कोणाची तरी जुनी स्क्रिप्ट उचलून चालवण्याआधी त्यात यांतला एखादा लपलेला नाही ना, ते बघा.

कवटी काढण्यातल्या चुका: क्रॉसमध्ये

कवटी, डोळे किंवा मानेचा भाग मोठ्या प्रमाणात राहून गेला असेल, किंवा उलट मेंदूचाच तुकडा कापला गेला असेल, तर दुरुस्ती क्रॉसमध्ये करायची. कारण वर आलंच आहे: बेसची जुळणी आणि मास्क दोन्ही क्रॉसवर उभे आहेत.

इथे लगेच ब्रश उचलू नका, आधी पॅरामीटर बदलून बघा. वॉटरशेड या कवटी काढण्याच्या पद्धतीची नेहमीची पातळी २५ असते. ती वाढवली की जास्त भाग शिल्लक राहतो, कमी केली की जास्त कापला जातो. मेंदू कापला गेला असेल तर उदाहरणार्थ:

रिकॉन-ऑल -एस टीपी२ -स्कलस्ट्रिप -डब्ल्यूएसथ्रेश ३५ -क्लीन-बीएम -नो-डब्ल्यूएसजीसीएॲटलास

ड्युरा (मेंदूभोवतीचं जाड आवरण) जास्त राहिला असेल तर -जीकट हा पर्याय कामी येतो. मात्र तो कधीकधी सेरिबेलम किंवा कॉर्टेक्सचा थोडा भागही खातो, म्हणून वापरल्यावर तपासणं आलंच. २०२२ मध्ये आलेलं सिंथस्ट्रिप बहुतेक स्कॅनवर हे काम फार चांगलं करतं, आणि फ्रीसर्फर ८ मध्ये ते मूळ प्रक्रियेतच घेतलं आहे. पण कोणतीही पद्धत निवडा, ती त्या माणसाच्या सगळ्या टाइम पॉइंटना लावा. टीपी१ वॉटरशेडने आणि टीपी२ सिंथस्ट्रिपने, असा मिश्र कारभार नको.

कंट्रोल पॉइंट: सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात गैरवापर होणारं साधन

तीव्रता नॉर्मलाइझ झाल्यावर व्हाइट मॅटरची किंमत ११० च्या आसपास असायला हवी. टेम्पोरल पोल (कानाकडच्या लोबचं पुढचं टोक) आणि ऑर्बिटोफ्रंटल भाग (डोळ्यांच्या वरचा) इथे ती अनेकदा ९५–१०० च्या घरात राहते, सॉफ्टवेअरला ते ग्रे मॅटर वाटतं आणि व्हाइट सरफेस आखडून आत येतो. कंट्रोल पॉइंट म्हणजे ‘हा व्हॉक्सेल नक्की व्हाइट मॅटर आहे, इथली किंमत ११० धर’ असा निरोप. त्याच्या आसपासचा भागही मग वर उचलला जातो.

यावरूनच नियम निघतो. पॉइंट अशाच व्हॉक्सेलवर ठेवायचा जो निःसंशय व्हाइट मॅटर आहे आणि तरीही ज्याची किंमत ११० पेक्षा कमी आहे. आधीच ११० असलेल्या व्हॉक्सेलवर ठेवलेला पॉइंट निरर्थक. ग्रे आणि व्हाइटच्या सीमेवरचा, दोन्हींचं मिश्रण असलेला व्हॉक्सेल तर सर्वांत घातक. तिथे पॉइंट पडला की सीमाच बाहेर ढकलली जाते, कॉर्टेक्स पातळ मोजलं जातं आणि ही चूक चित्रात चटकन दिसतही नाही. पॉइंट एका जागी गर्दी करून न टाकता वेगवेगळ्या स्लाइसवर थोडेथोडे विखरा. चार-सहा पॉइंट टाकून पुन्हा चालवा, निकाल पाहा, मगच आणखी टाका. टेम्पोरल पोलची चूक बऱ्याचदा टोकावर दिसते, पण तिचं मूळ जरा मागे, जिथे व्हाइट मॅटरची पट्टी मंद व्हायला लागते तिथे असतं. पॉइंट तिथे टाका.

पॉइंट टीएमपी फोल्डरमधल्या कंट्रोल.डॅट या फाइलीत साठतात. क्रॉसमध्ये टाकल्यावर:

रिकॉन-ऑल -एस टीपी१ -ऑटोरिकॉन२-सीपी -ऑटोरिकॉन३

बेसमध्ये मात्र हे पॉइंट आपोआप उतरतील असं धरून चालू नका. क्रॉस सुधारल्यावर बेस पुन्हा चालवून पाहायचा आणि तिथे व्हाइट सरफेस अजून आखडलेलाच असेल तर बेसमध्येही पॉइंट टाकायचे.

लाँगिट्युडिनल कामात इथे एक कठोर शिस्त हवी. मंद पट्टी एकाच टाइम पॉइंटमध्ये असेल तर पॉइंट तिथेच पडतील, त्याला इलाज नाही. पण ती तिन्हींत दिसत असेल तर पॉइंटही तिन्हींत, शक्यतो त्याच रचनेत आणि त्याच जागी टाकायचे. ‘टीपी३ मध्ये जरा चालवून घेता येईल’ हा विचार डोक्यात आला की समजावं, आपण आता ॲट्रोफी (मेंदूचं आकसणं) तयार करायला बसलो आहोत.

व्हाइट मॅटरचे एडिट: बेसमध्ये

वृद्धांच्या स्कॅनमध्ये व्हाइट मॅटरच्या आत गडद डाग असतात. व्हेंट्रिकलच्या कडेला असलेल्या अशा डागांमुळे सरफेस आत खचतो. कधी कॉर्टेक्समध्ये भोक राहतं, कधी दोन गायरायमध्ये (कॉर्टेक्सच्या घड्यांमध्ये) खोटा पूल तयार होतो. हे डब्ल्यूएम.एमजीझेड मध्ये २५५ ने भरून किंवा १ ने खोडून दुरुस्त होतं.

ही भूमितीची चूक आहे, आणि लाँगला भूमिती बेसकडून मिळते. त्यामुळे लाँगच्या डब्ल्यूएममध्ये पूल तोडत बसणं व्यर्थ आहे, कारण तिथे नवीन टेसेलेशन होणारच नाही. बेसमध्ये तोडा आणि:

रिकॉन-ऑल -बेस साचा -टीपी टीपी१ -टीपी टीपी२ -टीपी टीपी३ -ऑटोरिकॉन२-डब्ल्यूएम -ऑटोरिकॉन३

बेस पुन्हा चालवताना सगळे टाइम पॉइंट पुन्हा सांगावे लागतात हे लक्षात असू द्या. यानंतर लाँग चालवताना गडद डागांचं भरण त्यांनाही मिळायला हवं असेल तर वर सांगितलेला -यूजलाँगबेसडब्ल्यूएमएडिट्स द्या, आणि दिलात तर अभ्यासातल्या सगळ्या माणसांना द्या.

कंट्रोल पॉइंट की डब्ल्यूएम एडिट, असा संभ्रम पडला तर तीव्रता वाचा. भाग सलग आणि हळूहळू मंद होत असेल तर कंट्रोल पॉइंट. ठरावीक कडा असलेला डाग, पूल किंवा भोक असेल तर डब्ल्यूएम. डागावर कंट्रोल पॉइंट टाकून आजूबाजूचा अख्खा प्रदेश पांढरा करून ठेवणं हा प्रकार फार पाहायला मिळतो.

पायल सरफेस: बेसचा ब्रेनमास्क

पायल सरफेस व्हाइट सरफेसपासून बाहेर वाढतो. त्यामुळे व्हाइट चुकीचा असताना पायलला हात लावायचा नाही. व्हाइट सुधारला की पायलच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

उरलेल्या बहुतेक तक्रारी ड्युराच्या असतात. वरच्या बाजूला सॅजिटल सायनसजवळ (मधल्या मोठ्या शिरेजवळ) आणि खाली टेंटोरियमला (सेरिबेलमवरच्या ड्युराच्या पडद्याला) लागून, एंटोराइनल भागात, ड्युरा कॉर्टेक्सला इतका चिकटून असतो की रेषा त्याच्यासकट वाढते. बेसच्या ब्रेनमास्कमध्ये ड्युराचे व्हॉक्सेल १ ने खोडा. संपूर्ण ड्युरा सोलून काढायची गरज नाही, ज्या व्हॉक्सेलवर पायल चढला आहे तेवढेच काढा. मग सगळे टाइम पॉइंट सांगून -ऑटोरिकॉन-पायल चालवा.

बेसमध्ये खोडण्याचा मोठा फायदा म्हणजे तीच सीमा सगळ्या लाँगना मिळते. पण तिथेच धोकाही आहे. साचा मधला असतो. पहिल्या स्कॅनमध्ये कॉर्टेक्स जरा जाड असेल, तर बेसमध्ये कडेला लागून खोडलेला व्हॉक्सेल टीपी१ मध्ये खरं कॉर्टेक्स असू शकतो. म्हणून बेसमध्ये खोडताना तिन्ही लाँगच्या नॉर्म पार्श्वभूमीला उघड्या ठेवा. कुठल्याही एका वेळी तो व्हॉक्सेल कॉर्टेक्स असल्याची शंका असेल तर सोडून द्या. बेस अति कापण्यापेक्षा थोडा सैल बरा.

लाँगमध्येच एडिट करावं लागण्याची वेळ क्वचित येते, समजा एकाच स्कॅनमध्ये रक्तवाहिनी फार उजळ आली आहे. तेव्हा त्या लाँगच्या ब्रेनमास्कमध्ये करा, पण नोंदवहीत ते ठळक लिहा आणि अखेरीस तो टाइम पॉइंट वगळूनही विश्लेषण करून बघा.

असेगचे एडिट मी फार कमी करण्याच्या मताचा आहे. ढोबळ चूक असेल, जसं की फुगलेल्या व्हेंट्रिकलचा कोपरा हिप्पोकॅम्पस म्हणून मोजला गेला, तर क्रॉसच्या असेग.प्रीसर्फ.एमजीझेड मध्ये लेबल बदला आणि -ऑटोरिकॉन२-नोअसेग -ऑटोरिकॉन३ चालवा. हिप्पोकॅम्पसची किनार हाताने ‘सुंदर’ करायला बसलात तर स्वयंचलित मोजणीची सुसंगती जाते आणि हाताने केलेल्या मोजणीची काटेकोरीही मिळत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत

सरावासाठी ओॲसिस-२ हा खुला संच उत्तम आहे: ६० ते ९६ वयाचे १५० जण, मिळून ३७३ स्कॅन सत्रं. समजा त्यातला तीन स्कॅन झालेला एक माणूस घेतला. लाँग पालटून पाहताना दिसतं की टीपी२ मध्ये डावा टेम्पोरल पोल आखडला आहे, आणि वर सॅजिटल सायनसपाशी तिन्ही लाँगमध्ये पायल ड्युरावर गेला आहे.

बेस उघडल्यावर टेम्पोरल पोल जरासा आखडलेला आणि ड्युराची चूक जशीच्या तशी. मग क्रॉस पाहायचे. टीपी२ च्या क्रॉसमध्ये पोलजवळ व्हाइट मॅटर ९८ दाखवतंय, टीपी१ आणि टीपी३ मध्ये १०८–११०. म्हणजे कंट्रोल पॉइंट टीपी२ च्या क्रॉसमध्ये, आणि फक्त तिथेच. ड्युराला अजून हात लावायचा नाही, कारण बेस बदलणार आहे. टीपी२ चा क्रॉस पुन्हा चालवला, पोल बाहेर आला, आता बेस पुन्हा चालवायचा. बेसमध्ये पोल ठीक झाला असेल तर तिथे पॉइंट नकोत. आता बेसच्या ब्रेनमास्कमध्ये ड्युरा खोडायचा, पायलचा टप्पा चालवायचा, बेस तपासायचा.

मग तिन्ही लाँग. फक्त टीपी२ चं नाही. बेस बदलला की त्या माणसाचे सगळे लाँग शिळे होतात. जुनी लाँग फोल्डरं बाजूला हलवून ती मुळापासून चालवणं मला सर्वांत सुरक्षित वाटतं. जुन्या मास्कचे अवशेष नव्या निकालात मिसळण्याचा प्रश्नच उरत नाही. संगणकाचा वेळ जातो खरा, पण तो तुमच्या वेळेपेक्षा स्वस्त आहे.

पुन्हा चालवण्याचा क्रम यातून दिसतोच: क्रॉस बदलला तर बेस आणि सगळे लाँग, बेस बदलला तर सगळे लाँग. आणि हे सारं फ्रीसर्फरच्या एकाच आवृत्तीवर, एकाच प्रकारच्या यंत्रावर. आवृत्ती, संगणकाचा प्रकार, एवढंच काय ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलली तरी आकडे हलतात, हे २०१२ सालीच दाखवलं गेलं आहे. अर्धे टाइम पॉइंट जुन्या सर्व्हरवर आणि अर्धे नव्यावर चालवले असतील तर एडिटची चर्चाच फोल आहे.

कोणी, कसं आणि कुठे लिहून

एडिट करणाऱ्याला तो माणूस रुग्ण आहे की निरोगी, औषध गटात आहे की नाही, हे कळता कामा नये. टाइम पॉइंटचा क्रमही शक्य तितका लपवावा. फोल्डरच्या नावात तारीख असेल तर आधी नावं बदला. एका माणसाचे सगळे टाइम पॉइंट एकाच व्यक्तीने एकाच बैठकीत करावेत. सोमवारी सैल आणि शुक्रवारी कडक हात चालतो, हे प्रत्येक प्रयोगशाळेत खरं आहे. दोन जण एडिट करणार असतील तर काही स्कॅन दोघांनीही स्वतंत्रपणे करून अंतिम जाडी ताडून पाहावी.

नोंदवहीत प्रत्येक एडिटसाठी टप्पा, फाइल, भाग, स्लाइसचे आकडे, कारण आणि नंतर चालवलेली आज्ञा एवढं असलं की पुरतं. शोधनिबंधात ‘गरजेनुसार हाताने दुरुस्त्या केल्या’ असं एक वाक्य टाकून मोकळं होण्याची पद्धत आहे. किती जणांत, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या प्रकारच्या, हे लिहिल्याशिवाय वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

शेवटी आकडे तपासा. एका माणसाच्या सगळ्या लाँगमध्ये कवटीतल्या आकारमानाचा अंदाज एकच आहे ना? वेगळा असेल तर कुठलं तरी लाँग जुन्या बेसवर चाललं आहे. एडिटच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवा. ज्या भागाला हात लावलाच नाही तिथे मोठा बदल दिसला तर काहीतरी बिनसलं आहे. आणि विश्लेषण एडिटविनाच्या निकालांवरही एकदा करा. निष्कर्ष केवळ एडिटनंतरच उमटत असेल, तर परीक्षकाच्या आधी तुम्हीच त्याची उलटतपासणी केलेली बरी.

राहिला प्रश्न पुढच्या वर्षी येणाऱ्या चौथ्या स्कॅनचा. नवा टाइम पॉइंट घेऊन बेस पुन्हा तयार केला तर साच्याची जागा किंचित सरकू शकते आणि बेसमधले जुने एडिट चुकीच्या व्हॉक्सेलवर बसतात. म्हणून नवा बेस नव्या नावाने करावा आणि त्यातले एडिट नव्याने करावेत. क्रॉसमधले एडिट मात्र टिकतात. -ॲडटीपी हा फ्लॅग देऊन नवा स्कॅन जुन्याच बेसवर चालवता येतो, पण मग ज्या साच्यात त्या स्कॅनचा वाटा नाही त्यावर तो मोजला जातो, आणि बाकीच्यांपेक्षा वेगळी वागणूक मिळालेला एक टाइम पॉइंट पुन्हा तयार होतो. अभ्यास चालू असेल, स्कॅन अजून यायचे असतील, तर बेसमधल्या बारीक एडिटना हात न लावता फक्त क्रॉसचे मास्क आणि कंट्रोल पॉइंट उरकून ठेवावेत. ब्रेनमास्कमधला ड्युरा शेवटचा स्कॅन येईपर्यंत थांबू शकतो.